विमा, भाडे आणि बर्फ: ‘विल्यम्स’ या मालवाहू जहाजाची कारकीर्द

१९ फेब्रुवारी १८१९ रोजी, दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून बरेच खाली, ६२ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, ‘विल्यम्स’ नावाच्या एका ब्रिटिश मालवाहू जहाजावरून बर्फाने झाकलेली जमीन दिसली. त्या काळच्या कोणत्याही नकाशात ती नव्हती. कप्तान विल्यम स्मिथ याने जवळ जाऊन, समोर दिसते ती जमीनच आहे, तरंगता हिमनग नाही, अशी खात्री करून घेतली आणि जहाज वळवून तो चिलीतील वालपराइसो बंदराकडे निघून गेला. किनाऱ्यावर कोणी उतरले नाही. जहाजात दुसऱ्यांचा माल भरलेला होता, तो ठरलेल्या ठिकाणी पोहोचवायचा होता आणि वाट सोडून भटकल्यास विमा बुडण्याची धास्ती होती. अंटार्क्टिकाच्या शोधाच्या इतिहासातील हा प्रसंग नीट समजायचा असेल, तर आधी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यापारी जहाज कसे चालत असे, त्याचा मालक कोण, त्याचे भाडे कोण देई आणि ते बुडाले तर नुकसान कोणाच्या माथी येई, हे समजून घ्यावे लागते.

‘विल्यम्स’ हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील नॉर्थम्बरलँड परगण्यातल्या ब्लाइथ या लहान बंदरात, नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या अखेरच्या वर्षांत बांधले गेले. हा सगळा पट्टा कोळशाचा. इथला कोळसा समुद्रमार्गे लंडनला जाई, आणि त्या वाहतुकीसाठी लागणारी रुंद पोटाची, बोथट नाळेची (म्हणजे पुढच्या टोकाची), दणकट जहाजे इथल्या कारागिरांच्या हाताखालून पिढ्यान्‌पिढ्या गेलेली होती. कप्तान जेम्स कुकने आपल्या सफरींसाठी निवडलेली जहाजे जवळच्याच व्हिटबीच्या अशाच कोळसावाहू घाटणीची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या बांधणीची योग्यता कळते. ती वेगवान नसत, देखणी तर मुळीच नसत. परंतु भरपूर माल घेत आणि मार सोसत.

‘विल्यम्स’ हे ‘ब्रिग’ प्रकारचे जहाज होते, म्हणजे त्याला दोन डोलकाठ्या होत्या आणि दोन्हींवर आडव्या परबाणांना, म्हणजे शिडे धरणाऱ्या काठ्यांना, चौकोनी शिडे लावलेली असत. त्याचा आकार २१६ टन असा नोंदलेला आहे. हा आकडा वजनाचा नव्हे, हे इथे स्पष्ट केले पाहिजे, कारण जुन्या जहाजांविषयी वाचताना पुष्कळांचा घोटाळा इथेच होतो. त्या काळी टन काढण्याची कायदेशीर रीत अशी होती: जहाजाच्या लांबीतून रुंदीचा तीन पंचमांश भाग वजा करायचा, उरलेल्या लांबीला रुंदीने आणि पुन्हा रुंदीच्या निम्म्याने गुणायचे आणि आलेल्या संख्येला ९४ ने भागायचे. या हिशेबात जहाजाची खोली कुठेच मोजली जात नाही. ती रुंदीच्या निम्मी असणार असे गृहीत धरलेले आहे. बंदराचे आणि दीपगृहांचे शुल्क टनांवर आकारले जात असल्याने मालकांनी साहजिकच यातली पळवाट हेरली आणि रुंदी कमी ठेवून खोली वाढवलेली जहाजे बांधून घेतली. कागदावर लहान दिसणारे जहाज प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त माल पोटात घेई. त्याबरोबर ते समुद्रात अधिक हेलकावेही खाई, पण त्याचा त्रास खलाशांना होता, मालकाला नव्हता. हा नियम बदलायला १८३० चे दशक उजाडावे लागले.

एका माणसाने एक जहाज विकत घ्यावे, असे त्या काळी सहसा होत नसे. जहाज ही मोठी आणि कधीही तळाला जाऊ शकणारी मालमत्ता, म्हणून तिचे भाग पाडले जात. सोळा, बत्तीस किंवा चौसष्ट भाग करण्याची चाल जुनीच होती आणि १८२० च्या दशकात कायद्याने चौसष्ट हा आकडा पक्का केला. बंदरातला दोरखंडवाला, शिडे शिवणारा, एखादा धान्याचा व्यापारी, एखादी विधवा अशी माणसे भाग घेत, आणि कप्तान स्वतःही पुष्कळदा भागीदार असे. ज्याचा पैसा गुंतला आहे तो जहाज जपून चालवील, हा त्यामागचा सरळ हिशेब. विल्यम स्मिथ हा ‘विल्यम्स’चा असाच कप्तान आणि भागीदार होता. तो नॉर्थम्बरलँडचाच, १७९० मध्ये जन्मलेला, आणि ग्रीनलंडच्या बाजूला देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर काम केलेला. बर्फ आणि जमीन यांतला फरक दुरून ओळखण्याची त्याची नजर तिथे तयार झाली होती.

भागीदारांच्या खालोखाल, किंबहुना काही बाबतीत त्यांच्याही वरचढ, असे दोन पक्ष प्रत्येक जहाजाच्या आयुष्यात असत: माल पाठवणारा आणि विमा उतरवणारा. लंडनमधल्या लॉइड्सच्या कॉफीगृहातून वाढलेल्या बाजारात एका जहाजाची जोखीम अनेक जण आपापसांत वाटून घेत आणि प्रत्येक जण विमापत्राखाली आपले नाव आणि रक्कम लिहून देई. जहाज न पाहता ही जोखीम घ्यायची म्हणजे त्याच्या प्रकृतीची माहिती देणारे पुस्तक हवे. ‘लॉइड्स रजिस्टर’ हे ते पुस्तक. त्यात जहाजाच्या सांगाड्याला इंग्रजी स्वरांपैकी एक अक्षर आणि नांगर, दोर, शिडे यांसारख्या साहित्याला एक आकडा दिला जाई. सर्वोत्तम जहाज ‘ए वन’. मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस या वर्गवारीचे नियम असे काही केले गेले की जहाज प्रत्यक्षात कसे आहे यापेक्षा ते किती जुने आणि कुठे बांधलेले याला अधिक वजन आले. थेम्स नदीवर बांधलेली जहाजे वरच्या वर्गात जास्त वर्षे राहू लागली आणि उत्तरेकडच्या बंदरांतली लवकर खाली घसरू लागली. संतापलेल्या जहाजमालकांनी १७९९ मध्ये आपले वेगळे रजिस्टर काढले. विमेवाल्यांचे हिरवे पुस्तक आणि मालकांचे लाल पुस्तक अशी दोन प्रतिस्पर्धी पुस्तके त्यानंतर १८३४ पर्यंत, दोन्ही एक होईपर्यंत, शेजारी शेजारी निघत राहिली. ब्लाइथमध्ये बांधलेल्या जहाजाला ही वर्गवारी चांगलीच भोवणारी होती.

कारण वर्ग घसरला की विम्याचा हप्ता वाढतो, हप्ता वाढला की चांगला माल मिळत नाही. नवे जहाज चहा, नीळ, रेशीम असा पाण्याने नासणारा आणि महाग माल वाहते; वय वाढत जाते तसे ते साखर, धान्य यांवर उतरते आणि अखेरीस लाकूड किंवा कोळसा वाहू लागते, ज्यांना गळतीचे पाणी लागले तरी फारसे बिघडत नाही. माझ्या मते कोणत्याही जुन्या व्यापारी जहाजाची कारकीर्द वाचताना तारखांच्या आधी ‘पोटात काय होते’ हे पाहावे. जहाज कोणत्या वयाला आणि कोणत्या दशेला आले होते, हे त्यावरून चटकन कळते.

‘विल्यम्स’ दक्षिण अमेरिकेत का गेले, याचे उत्तरही बाजारातच आहे. १८१५ मध्ये युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये जहाजे उदंड झाली आणि भाडे उतरले. हिंदुस्थानचा व्यापार १८१३ च्या सनदी कायद्याने खाजगी व्यापाऱ्यांना खुला झाला होता खरा, पण कंपनीच्या बंदरांत येणारे खाजगी जहाज किमान ३५० टनांचे असावे अशी अट त्यात होती, त्यामुळे २१६ टनांच्या ‘विल्यम्स’ला मुंबईचा दरवाजा कायद्यानेच बंद होता. दक्षिण अमेरिकेत मात्र स्पेनची सत्ता कोसळत होती. १८१७ च्या चाकाबुकोच्या आणि १८१८ च्या मायपूच्या लढाईनंतर चिली स्वतंत्र झाले, स्पेनची मक्तेदारी संपली आणि वालपराइसो बंदर ब्रिटिश मालाने भरू लागले. अटलांटिकच्या बाजूच्या ब्यूनस आयर्सहून पॅसिफिकच्या बाजूच्या वालपराइसोला माल न्यायचा तर एक वाट अँडीज पर्वत ओलांडणाऱ्या खेचरांची होती, जी जड मालाला परवडत नसे, आणि दुसरी हॉर्न भूशिराला वळसा घालणारी समुद्राची. १८१९ च्या आरंभी स्मिथ असाच माल भरून त्या दुसऱ्या वाटेने निघाला.

हॉर्न भूशिर पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडणे हे शिडाच्या जहाजाला सर्वांत अवघड कामांपैकी एक होते. तिथे वर्षातला बहुतेक काळ पश्चिमेचा वारा, म्हणजे नेमका तोंडावरचा, वाहत असतो. चौकोनी शिडांच्या जहाजाला वाऱ्याच्या दिशेशी साधारण ६७ अंशांपेक्षा कमी कोन करून पुढे सरकता येत नाही. म्हणून ते एकदा डावीकडे तिरपे, एकदा उजवीकडे तिरपे असे नागमोडी चालते, आणि त्यातही लाटा आणि प्रवाह त्याला बाजूला ढकलत राहतात. दिवसभर झगडून संध्याकाळी जहाज सकाळच्या जागेच्याही मागे गेलेले आढळावे, असे घडत असे. अशा वेळी कप्तानापुढे एक उपाय असे: सरळ दक्षिणेला लांबवर जायचे, तिथे वारा फिरलेला मिळतो का पाहायचे आणि मग पश्चिम गाठायची. स्मिथने हेच केले, मात्र इतरांपेक्षा फार अधिक दक्षिणेला जाऊन, आणि त्यामुळे आज लिव्हिंगस्टन बेट म्हणून ओळखली जाणारी जमीन त्याच्या नजरेस पडली. त्या बेटाच्या टोकाला आजही ‘विल्यम्स पॉइंट’ असे नाव आहे.

विम्याचा नियम इथे आडवा येतो. विमापत्रात ‘अमुक बंदरापासून तमुक बंदरापर्यंत’ असा प्रवास नमूद केलेला असे आणि त्या प्रवासाची रुळलेली वाट गृहीत धरलेली असे. वाऱ्यामुळे, वादळामुळे किंवा कोणाचा जीव वाचवण्यासाठी वाट सोडावी लागली तर ती सूट मान्य होती. पण कप्तानाने स्वतःच्या इच्छेने वाट सोडली, तर त्या क्षणापासून विमेवाले मोकळे. पुढे जहाज पुन्हा मूळ वाटेवर आले आणि महिन्याभराने वेगळ्याच कारणाने बुडाले, तरीही भरपाई मिळत नसे. म्हणजे वाऱ्याच्या शोधात ६२ अंशांपर्यंत जाणे हे कायद्याच्या चौकटीत बसत होते. तिथे जमीन दिसल्यावर कुतूहलापोटी दोन दिवस थांबून तिचा किनारा तपासणे बसत नव्हते. भागीदार असलेल्या कप्तानाला तर हा धोका स्वतःच्या खिशातून पत्करावा लागला असता.

वालपराइसोला पोहोचल्यावर स्मिथने तिथल्या ब्रिटिश आरमाराचे वरिष्ठ अधिकारी, ‘अँड्रोमाकी’ या युद्धनौकेचे कप्तान विल्यम शिरेफ यांना ही हकिगत सांगितली, पण त्यांचा विश्वास बसला नाही. मे महिन्यात परतीचा माल घेऊन निघाल्यावर स्मिथ पुन्हा दक्षिणेला उतरला; दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा सुरू होता आणि त्याला गोठलेल्या समुद्राने मागे फिरवले. ला प्लाता नदीच्या बंदरांत बातमी फुटली तशी काही अमेरिकन व्यापाऱ्यांनी त्याला त्या जमिनीच्या ठावठिकाण्यासाठी पैसे देऊ केले आणि त्याने ते नाकारले. सील शिकारीच्या धंद्यात नव्या किनाऱ्याचे अक्षांश-रेखांश म्हणजेच भांडवल होते, कारण कातड्यांना लंडनमध्ये आणि चीनमधल्या कँटनमध्ये तयार गिऱ्हाईक होते.

तिसऱ्या फेरीत, ऑक्टोबर १८१९ मध्ये, पुन्हा वालपराइसोचाच माल घेऊन जाताना, स्मिथने ती जमीन दुसऱ्यांदा पाहिली, आणि या वेळी त्याच्या माणसांनी आजच्या किंग जॉर्ज बेटावर उतरून ब्रिटिश झेंडा रोवला. स्कॉटलंडच्या उत्तरेची शेटलंड बेटे साधारण याच अक्षांशावर, पण उत्तर गोलार्धात असल्याने ‘साउथ शेटलंड’ हे नाव पुढे रूढ झाले. नोव्हेंबरमध्ये तो वालपराइसोला आला, तेव्हा मात्र शिरेफ यांनी त्याचे म्हणणे मनावर घेतले.

आरमाराची स्वतःची नौका त्यांना सोडता येत नव्हती. स्वातंत्र्ययुद्ध चालू असलेल्या किनाऱ्यावर ब्रिटिश व्यापाराची राखण तिच्याकडे होती. म्हणून त्यांनी ‘विल्यम्स’च भाड्याने घेतले. जहाज तेच, खलाशी बहुतांशी तेच, स्मिथही जहाजावर. फक्त मोहिमेचे नेतृत्व आरमाराचा अधिकारी एडवर्ड ब्रान्सफील्ड याच्याकडे आणि मदतीला काही तरुण प्रशिक्षणार्थी अधिकारी. विमा आणि भाडे यांच्या पेचातून सुटका झाली ती अशी, सरकारी भाडेकराराने. ज्या कामासाठी थांबणे कालपर्यंत गुन्ह्यासारखे होते, तेच काम आता करारातले काम झाले. (खाजगी जहाज भाड्याने घेऊन दक्षिणेला जाण्याची ही रीत पुढेही टिकली, भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली, तीही ‘पोलर सर्कल’ या भाड्याने घेतलेल्या नॉर्वेजियन जहाजातून.)

डिसेंबर १८१९ मध्ये निघालेल्या या मोहिमेने बेटांच्या किनाऱ्याची पाहणी केली आणि २२ जानेवारी १८२० रोजी किंग जॉर्ज बेटावर उतरून राजा तिसरा जॉर्ज याच्या नावाने ताबा जाहीर केला. ३० जानेवारीला, धुके विरळ झाल्यावर, दक्षिणेला उंच, बर्फाळ जमीन दिसली. ती अंटार्क्टिक द्वीपकल्पाचे उत्तर टोक होती. ज्याच्या नावाने झेंडा रोवला तो राजा आदल्याच दिवशी इंग्लंडमध्ये मरण पावला होता, पण ही बातमी तिथवर पोहोचायला अर्थातच कैक महिने लागणार होते. खंड प्रथम कोणी पाहिला हा वाद मी इथे लांबवत नाही: रशियाच्या बेलिंग्सहाउझेनने तीनच दिवस आधी, २७ जानेवारीला, खंडाच्या दुसऱ्या भागातली बर्फाची कड पाहिली होती, आणि त्या दोघांनाही एकमेकांची खबर नव्हती.

व्यापाराचे चक्र मात्र या शोधाच्या पुढे धावत होते. ब्रान्सफील्ड किनारा मोजत असतानाच, जानेवारी १८२० मध्ये, ‘हर्सिलिया’ हे अमेरिकन जहाज आणि ब्यूनस आयर्सहून निघालेले ‘एस्पिरितो सांतो’ हे जहाज साउथ शेटलंडच्या किनाऱ्यावर शिकार करत होते. एकट्या ‘हर्सिलिया’ने जवळपास ९,००० कातडी नेली. पुढच्या हंगामात, १८२०-२१ मध्ये, ‘विल्यम्स’ही सीलच्या शिकारीला गेले, पण तोवर ब्रिटिश आणि अमेरिकन जहाजांनी तिथे दाटी केली होती आणि किनाऱ्यांवरून भांडणे लागली होती. शिकारीची पद्धत निर्घृण होती: किनाऱ्यावर पिले देणाऱ्या माद्यांना सोट्यांनी मारत, आणि दूध पिणारी पिले त्यामागोमाग उपासमारीने मरत. स्वतः या धंद्यात असलेल्या जेम्स वेडेल या कप्तानाने पुढे हिशेब मांडला की १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत तिथून सुमारे ३,२०,००० कातडी नेली गेली आणि सील जवळजवळ संपले.

याच किनाऱ्यावर एका दुसऱ्या जहाजाचे अवशेषही सापडले. ‘सान तेल्मो’ ही ७४ तोफांची स्पॅनिश युद्धनौका सप्टेंबर १८१९ मध्ये, ६४४ माणसांसह, हॉर्न भूशिराच्या दक्षिणेला बेपत्ता झाली होती. लिव्हिंगस्टन बेटावर वाहून आलेल्या अवशेषांत नांगराचा भला मोठा लाकडी दांडा होता, तो स्मिथने उचलून घेतला. त्याच लाकडाची स्वतःसाठी शवपेटी करून घेण्याचा त्याचा मानस असल्याचे समकालीनांनी लिहून ठेवले आहे.

१८२१ मध्ये ‘विल्यम्स’ लंडनला परतले तेव्हा स्मिथच्या भागीदारांचे दिवाळे निघाले होते आणि जहाज विकले गेले. भागीदारीतल्या जहाजाचे हे दुसरे अंग: भाग वाटल्याने जोखीम वाटली जाते, पण एका भागीदाराची देणी थकली तर बाकीच्यांचे जहाजही त्या ओढीत सापडते, मग त्या जहाजाने नुकताच नकाशा बदललेला का असेना. स्मिथने पुढे लंडनच्या परिसरात वाटाड्या कप्तान म्हणून काम केले, पुन्हा देवमाशांच्या शिकारीवर गेला, आपल्या शोधाबद्दल काही मोबदला मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केले आणि निराधारांसाठीच्या धर्मादाय निवासात १८४० च्या दशकात वारला. शोध सरकारी मोहिमेच्या नावावर जमा झाला होता आणि सरकारच्या दृष्टीने स्मिथचे येणे जहाजाच्या भाड्यातच फिटले होते.

त्या मोहिमेचे कागदही पुरते उरले नाहीत. ब्रान्सफील्डची रोजनिशी हरवली. त्याने काढलेला नकाशा ब्रिटिश आरमाराच्या जलालेखन कचेरीत, म्हणजे समुद्राचे नकाशे करणाऱ्या कचेरीत, राहिला, आणि वालपराइसोत राहणारा इंग्रज अभियंता जॉन माइअर्स याने १८२० मध्ये एडिंबराच्या एका शास्त्रीय नियतकालिकाला पाठवलेला वृत्तांत छापील रूपात टिकला. मोहिमेवरच्या चार्ल्स पॉइंटर या तरुण प्रशिक्षणार्थीचे हस्तलिखित टिपण तर १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये सापडले, आणि ३० जानेवारी १८२० रोजी ‘विल्यम्स’च्या डेकवरून नेमके काय दिसले, याचा जहाजावरच्या माणसाने लिहिलेला सविस्तर पुरावा तेव्हा कुठे अभ्यासकांच्या हाती आला.